चित्रकथेची कसोटी आणि कसोटीची पारख

कोल्हापुरातून निघून घाट उतरला आणि कुडाळची वाट धरली, की पिंगुळी नावाचे एक लहानसे गाव लागते. तेथील ठाकर समाजाने चित्रकथीची कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आहे. रामायण-महाभारतातील प्रसंगांची चित्रे एकामागून एक श्रोत्यांपुढे धरावीत आणि वाद्यांच्या साथीने त्यांवरील कथा गाऊन सांगावी, असा हा प्रकार. या कलेच्या जतनाबद्दल तेथील परशुराम गंगावणे यांस २०२१ साली पद्मश्री मिळाली. चित्रकथीच्या खेळात चित्र ठरलेले असते आणि कथाही ठरलेली असते. सीता कोणती आणि रावण कोणता, याविषयी श्रोत्यांत कधी मतभेद होत नाही. विसाव्या शतकात मात्र याच्या नेमकी उलट अशी एक चित्रकथा जन्मास आली. तिच्यात चित्र मुद्दामच संदिग्ध ठेवलेले असते. कथा पाहणाऱ्याने रचावयाची असते. आणि ती कथा वाचणारा रसास्वादासाठी नव्हे, तर कथा रचणाऱ्याचे अंतःकरण मापण्यासाठी बसलेला असतो.

या विषयाकडे माझे लक्ष वेधले ते एका विद्यार्थ्याने. गडहिंग्लजकडील एका शेतकऱ्याचा हा मुलगा सैन्यात अधिकारी होण्याच्या इच्छेने निवड मंडळापुढे जावयास निघाला होता. निरोप घेण्यास आला तेव्हा त्याने विचारले, "सर, बारा चित्रे बघून मी बारा गोष्टी लिहायच्या. तेवढ्यावरून मी कसा आहे हे कळतं का खरंच?" मी संख्याशास्त्र शिकविण्यात आयुष्याची बरीच वर्षे घालविली असल्यामुळे या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी तयार असावयास हवे होते. ते नव्हते. पुढे जे वाचले आणि जो विचार केला, त्याचा इतिहासाच्या अंगाने घेतलेला हा आढावा आहे.

या कसोटीचे मूळ नाव थीमॅटिक अपरसेप्शन टेस्ट. आपण तिला चित्रकथा-कसोटी म्हणू. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या मानसशास्त्रीय चिकित्सालयात हेन्री मरे आणि ख्रिस्तियाना मॉर्गन या दोघांनी ती तयार केली आणि १९३५ साली तिच्यावरील पहिला निबंध प्रसिद्ध केला. तिच्या उगमाची एक गोष्ट सांगतात. मरे यांच्या वर्गातील एका विद्यार्थिनीचा मुलगा आजारी पडून घरी होता आणि मासिकांतील चित्रे पाहून तो दिवसभर गोष्टी रचीत होता. हे तिने वर्गात सांगितले, आणि त्यातून मरे यांस ही कल्पना सुचली. १९४३ साली कसोटी छापून बाहेर पडली. तिच्यात ३१ पत्रे असून त्यांपैकी एक अगदी कोरे आहे. पहिल्या चित्रात एक मुलगा समोरच्या व्हायोलिनकडे टक लावून बसला आहे. हे चित्र मॉर्गन यांनी बालवयातील येहुदी मेनुहिन या विख्यात वादकाच्या छायाचित्रावरून काढले. मुलगा वाद्याला कंटाळला आहे, की आपण मोठा वादक होणार अशी स्वप्ने पाहतो आहे, की घरच्यांनी त्यास बळेच बसविले आहे, हे चित्र सांगत नाही. ते पाहणाऱ्याने सांगावयाचे. आणि मरे यांचे म्हणणे असे, की ते सांगताना मनुष्य चित्रातील मुलाच्या मिषाने स्वतःविषयीच बोलून जातो.

विचार मोठा मोहक आहे, यात शंका नाही. सरळ प्रश्न विचारला तर मनुष्य सावध होतो. "तुम्ही धीट आहात काय?" या प्रश्नास "नाही" असे उत्तर देणारा उमेदवार विरळाच. परंतु गोष्ट सांगताना सावधपणाची गाठ सैल होते. साहित्याच्या वाचकांस हे नवे नाही. लेखक आपल्या पात्रांआडून डोकावतो, हे आपण नेहमीच म्हणत आलो. मरे यांनी याच समजुतीला प्रयोगशाळेत नेऊन बसविले.

ही कसोटी आपल्याकडे आली ती युद्धाच्या पावलांनी. दुसऱ्या महायुद्धापूर्वी ब्रिटिश सैन्यात अधिकारी निवडताना एका छोट्या मुलाखतीत उमेदवाराचे घराणे, शाळा आणि बोलण्याची ढब पाहिली जाई. युद्धात अधिकाऱ्यांची गरज अतोनात वाढली आणि ही पद्धत अपुरी पडू लागली. तेव्हा १९४२ साली मानसशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ यांच्या साह्याने नवी निवड मंडळे स्थापन झाली. तेथे उमेदवारांस काही दिवस ठेवून घेत, गटाने कामे करावयास लावीत आणि लेखी मानसशास्त्रीय कसोट्या देत; त्यांत चित्रांवरून गोष्टी लिहिण्याचीही एक होती. १९४३ साली याच धर्तीचे एक प्रायोगिक मंडळ डेहराडून येथे निघाले. त्याचाच विस्तार होऊन स्वतंत्र भारताची सेवा निवड मंडळे झाली, आणि त्यांच्या पाठीशी असणारी संशोधन शाखा १९४९ साली उभी राहिली.

दक्षिण महाराष्ट्राला हा इतिहास परका नाही. शिपाईगिरी ही या प्रांतातील कित्येक गावांची वंशपरंपरा आहे. परंतु शिपायाच्या मुलाने अधिकारी व्हावे, ही आकांक्षा अलीकडची. १९६१ साली साताऱ्यास सैनिक शाळा निघाली आणि खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे दार खेड्यातील मुलांस दिसू लागले. या दाराशी पोहोचण्यासाठी जी पाच दिवसांची परीक्षा द्यावी लागते, तिच्यात पडद्यावर एक चित्र ३० सेकंद दिसते, मग ४ मिनिटांत त्यावर गोष्ट लिहावयाची असते. अशी बारा, त्यांतील शेवटचे कोरे. हार्वर्डमधील त्या आजारी मुलाचा खेळ अशा रीतीने आपल्या मुलांच्या भवितव्याशी येऊन भिडला.

आता संख्याशास्त्राकडे वळू. ज्या कोल्हापुरात वसंत शंकर हुजूरबाजार यांच्यासारखा संख्याशास्त्रज्ञ १९१९ साली जन्मला, तेथील वाचकांस या शास्त्राचे भय वाटावयास नको. कसोटीकडून ते जे मागते, ते गुळाच्या सौद्यात उभा राहिलेला कोणताही व्यापारी मागत असतो. शाहू महाराजांच्या काळापासून भरभराटीस आलेल्या आपल्या गूळपेठेत रव्याचा एक तुकडा मोडून, रंग पाहून, जिभेवर ठेवून मालाची पारख होते. या पारखीविषयी तीन प्रश्न विचारता येतात. एकाच रव्याविषयी दोन पारख्यांचे मत जुळते काय? त्याच रव्याचा दुसरा तुकडा मोडला, तर पहिल्यासारखाच निघतो काय? आणि तिसरा व सर्वांत महत्त्वाचा: ज्यास उत्तम म्हटले, तो गूळ पावसाळ्यात टिकला काय? पहिले दोन प्रश्न विश्वसनीयतेचे, तिसरा यथार्थतेचा. याखेरीज एक चौथी गोष्ट गृहीत असते. ती ही, की पारख्याने याच मुलखातील गूळ पुष्कळ पाहिलेला असावा. यास प्रमाणीकरण म्हणतात. बुद्धिमापनाच्या क्षेत्रात आपल्याकडे हे काम फार लवकर झाले. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन कसोटी मराठी आणि कानडी मुलांवर अजमावून तिची देशी आवृत्ती सिद्ध केली आणि त्याविषयीचा ग्रंथ १९४० साली प्रसिद्ध केला. चित्रकथा-कसोटीची भारतीय आवृत्ती उमा चौधुरी यांनी कलकत्त्यास १९६० साली प्रसिद्ध केली. तिच्यात माणसे, पोशाख आणि प्रसंग आपल्या देशातील होते. चित्रे बदलणे ही आवश्यक पायरी होतीच. परंतु गोष्टींना गुण कसे द्यावयाचे, हा प्रश्न पोशाख बदलून सुटत नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर प्रारंभी फार निराशाजनक होते. मरे यांच्या पद्धतीत अर्थ लावणाऱ्याच्या अनुभवावर इतका भार होता, की एकाच गोष्टीतून दोन तज्ज्ञ दोन स्वभाव काढू शकत. डेव्हिड मॅक्लेलंड, जॉन अ‍ॅटकिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ साली या गोंधळातून वाट काढली. संपूर्ण मनुष्य मापण्याचा हव्यास सोडून त्यांनी एकच गोष्ट निवडली: काम उत्तम करून दाखविण्याची आस. गोष्टीतील नायक काही उच्च दर्जाशी स्पर्धा करतो काय, अडचण ओळखतो काय, उपाय योजतो काय, अशा ठरावीक खुणा त्यांनी नोंदविल्या. परिणाम असा झाला, की नीट शिक्षण घेतलेल्या दोन परीक्षकांच्या गुणांतील सहसंबंध ०.८५ च्याही वर जाऊ लागला. सहसंबंध म्हणजे दोन मोजमापे किती जुळतात याचे माप. १ म्हणजे पूर्ण जुळणी आणि ० म्हणजे मुळीच नाही. पहिली परीक्षा अशा रीतीने उतरली.

दुसरी मात्र अवघड गेली. १९७२ साली डोरिस एंटविसल या विदुषीने दाखवून दिले, की एकाच मनुष्याने वेगवेगळ्या चित्रांवर लिहिलेल्या गोष्टींचे गुण परस्परांशी फारच थोडे जुळतात. या अंतर्गत सुसंगतीचे माप ०.३० ते ०.४० च्या पलीकडे क्वचितच जाते. चांगल्या बुद्धिमापन कसोटीकडून ०.९० ची अपेक्षा असते, हे ध्यानात घेतले म्हणजे आरोपाचे गांभीर्य कळते. पहिल्या तुकड्याला गोड निघालेला रवा दुसऱ्या तुकड्याला कडवट निघाला, तर पारख कशाची मानावी?

यावर अ‍ॅटकिन्सन यांनी दिलेले उत्तर मोठे मार्मिक आहे. मनुष्याची आस ही गुळासारखी एकजिनसी नसते, ती तहानेसारखी असते. एका गोष्टीत ती व्यक्त झाली, की पुढच्या गोष्टीपुरती शमते. मग दुसरी आस डोके वर काढते. १९७७ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकावर अशा मनाचे गणिती प्रतिरूप चालवून दाखविले, की गोष्टी परस्परांशी न जुळताही त्यांची एकूण बेरीज मनुष्याची आस बऱ्यापैकी सांगू शकते. त्याच वर्षी डेव्हिड विंटर आणि अबिगेल स्ट्यूअर्ट यांनी आणखी एक साधी गोष्ट दाखविली. दुसऱ्या वेळी तीच कसोटी देताना "पूर्वीसारखीच गोष्ट आली तरी चालेल" असे स्पष्ट सांगितले, तर दोन्ही वेळचे गुण अधिक जुळतात. "नवी गोष्ट लिहा" असे म्हटले, की जुळणी ढासळते. आपल्याकडील कीर्तनकारास याचे नवल वाटणार नाही. एकाच गावात लागोपाठ दोन रात्री तो तेच आख्यान लावीत नाही. म्हणून त्याची भक्ती काल होती आणि आज नाही, असे कोणी म्हणत नाही.

उरला तिसरा प्रश्न, पावसाळ्याचा. गोष्टीत दिसलेली आस पुढे आयुष्यात दिसते काय? १९९२ साली विल्यम स्पँगलर यांनी या विषयावरील १०५ लेखांतील निष्कर्ष एकत्र करून तोलले. गोष्टींतून मोजलेली कर्तृत्वाची आस आणि प्रत्यक्ष कामगिरी यांतील सहसंबंध सरासरीने ०.२० च्या आसपास भरला. सरळ प्रश्नावलीने मोजलेल्या आसेचा सहसंबंध याहूनही कमी निघाला. म्हणजे मॅक्लेलंड यांचा पक्ष खोटा ठरला नाही. पुढे २००० साली लिलियनफेल्ड, वुड आणि गार्ब यांनी अशा सर्व कसोट्यांचा कठोर आढावा घेतला. नेमक्या गुणपद्धतीने वापरलेल्या काही मोजमापांस आधार आहे. परंतु व्यवहारात बहुतेक ठिकाणी गुणपद्धतीवाचून, परीक्षकाच्या अंदाजाने गोष्टी वाचल्या जातात आणि त्यास पुरेसा आधार नाही, असा त्यांचा निर्णय पडला.

०.२० हा आकडा नीट समजून घेतला पाहिजे, कारण सगळा घोटाळा तेथेच होतो. समजा, २०० उमेदवार आहेत आणि त्यांतील निम्मे पुढे यशस्वी होणार आहेत. कसोटीत वर आलेले १०० आणि खाली राहिलेले १०० असे दोन गट पाडले, तर या सहसंबंधाच्या हिशेबाने वरच्या गटातील ६० यशस्वी होतील आणि खालच्या गटातील ४०. डोळे मिटून निवड केली असती, तर १०० पैकी ५० मिळाले असते; येथे ६० मिळतात. हजारो उमेदवारांतून निवड करणाऱ्या संस्थेस हा लाभ लहान नव्हे. परंतु त्या खालच्या गटातील ४० जणांकडे पाहा. ते यशस्वी होणारे होते आणि कसोटीने त्यांस मागे ठेवले. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगावयाचे तर या कसोटीचे सत्य घाऊक आहे. ते किरकोळीने विकता येत नाही. समुदायाविषयी ती खरे बोलते. एकट्या मनुष्याविषयी ती केवळ कुजबुजते.

आणखी एक अडचण अशी, की ज्यांस मागे ठेवले त्यांचे पुढे काय झाले असते, हे कधीच कळत नाही. जो अधिकारी झालाच नाही, तो कसा अधिकारी ठरला असता? म्हणून निवड करणाऱ्याची चूक बहुधा त्याच्या दृष्टीस पडत नाही आणि आत्मविश्वास मात्र वाढत जातो. डॅनियल काहनेमान यांनी तरुणपणी, १९५५ च्या सुमारास, इस्रायली सैन्यात असे काम केले. ब्रिटिश मंडळांतून आलेली गटपरीक्षा पाहून ते भाकिते करीत. आपली भाकिते अंदाजापेक्षा फारशी बरी ठरत नाहीत, असे प्रशिक्षण शाळेचे अहवाल वारंवार सांगत. तरी पुढच्या गटाकडे पाहताना त्यांस तितकीच खात्री वाटे. या भ्रमाचे मूळ मनुष्यस्वभावातच आहे, असे त्यांनी पुढे लिहिले. खुद्द मरे यांनी युद्धकाळात अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यासाठी माणसांची पारख केली आणि १९४८ साली त्यांच्या मंडळाने प्रसिद्ध केलेल्या अहवालात आपल्या भाकितांचा मेळ पुढील कामगिरीशी बेताचाच बसला, हे लपविले नाही. शास्त्रज्ञाची थोरवी अशा कबुलीत असते.

शेवटी एक प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर आपल्याच देशात मिळते. गोष्ट जर मनाचा आरसा असेल, तर गोष्ट लिहिण्याची शिकवणी घेता येते काय? मॅक्लेलंड आणि विंटर यांनी १९६४ च्या सुमारास आंध्रातील काकिनाडा येथील लहान व्यावसायिकांस हैदराबादच्या संस्थेत सुमारे दहा दिवस शिक्षण दिले. कर्तृत्वाची आस ज्यांत दिसते अशा गोष्टी लिहावयास शिकविणे हा त्या शिक्षणाचा एक भागच होता. पुढे या मंडळींनी धंद्यात अधिक हालचाल केली, असे त्यांनी १९६९ च्या ग्रंथात नोंदविले. यातून दोन अर्थ निघतात. एक आशेचा: विचार बदलला तर मनुष्य बदलू शकतो. दुसरा सावधगिरीचा: जी गोष्ट शिकविता येते, ती मनाचा आरसा राहत नाही. आज शहरोशहरी शिकवणी-वर्गांत मुलांस सांगतात, की नायकाने पूर बघितला की पूल बांधावा आणि आग बघितली की माणसे वाचवावीत. बाराही गोष्टींत बारा पूल बांधणारा मुलगा खरोखर पूल बांधील काय, हे ती कसोटी सांगू शकत नाही. वर्गात शिकविलेले त्याने पाठ केले, एवढेच ती सांगते.

असो. निवड मंडळांच्या बाजूने एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. तेथे गोष्टींवरच निर्णय होत नाही. मुलाखत घेणारा, मैदानी कामे पाहणारा आणि मानसशास्त्रज्ञ असे तिघे स्वतंत्रपणे मत बनवितात आणि मग एकत्र बसतात. एका दुबळ्या साक्षीदारावर खटला चालवू नये, अनेक साक्षी घ्याव्यात, हा न्याय तेथे मान्य आहे. शिवाय एकदा अपयश आले तरी उमेदवारास पुन्हा परीक्षेस बसता येते. एवढ्या दोन गोष्टींनी कसोटीचे पुष्कळसे दोष सौम्य होतात. धोका मंडळापेक्षा आपल्या घरात अधिक आहे. मुलगा परत आला, की "त्याच्यात ते गुणच नाहीत म्हणे" हे वाक्य आई-बाप, शेजारी आणि शेवटी तो मुलगा स्वतःही उच्चारतो. ज्या कसोटीने फार तर "याच्यासारख्यांपैकी काहीजण" एवढेच म्हटले, तिच्या तोंडी आपण "हा" हा शब्द घालतो. संख्याशास्त्राचा विपर्यास याहून मोठा नाही.

त्या विद्यार्थ्यास त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नव्हते. पुढच्या खेपेस तो भेटला, तेव्हा दिले. मी म्हणालो, "बारा गोष्टींवरून तुझ्यासारख्या शंभर मुलांविषयी थोडेसे कळते. तुझ्याविषयी त्याहून पुष्कळ कमी कळते. तेव्हा दुसऱ्याने शिकविलेली गोष्ट लिहू नकोस. तुझी असेल ती लिही. निवड झाली तर ती तुझी होईल, आणि न झाली तरी जे नाकारले गेले ते तूच होतास की शिकवणी-वर्गातला कोणी, असा संशय मनात राहणार नाही." तो हसला आणि म्हणाला, "सर, मग कोऱ्या चित्रावर काय लिहू?" मी त्यास पिंगुळीच्या चित्रकथ्यांविषयी सांगितले. त्यांच्या हाती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली चित्रे असतात, आणि त्यांची कथा पूर्वजांनीच ठरवून ठेवलेली असते. ज्याच्या हाती कोरे पत्र आले, त्याने ते दुसऱ्याच्या कथेने का भरावे?